आज्जांच्या दगडावरच्या पाकळ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही — आणि ह्यांना तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी पानं वाढायच्या आधी सांगून मोकळी होते. इंदूच्या पोटात तीळ भिजत नाही, असं माहेरी म्हणायचे. म्हणू देत. एक गोष्ट राहिली आहे पोटात. चांगली ऐसपैस राहिली आहे, आणि मला तिचा काही त्रासही होत नाही. तुम्हाला म्हणून सांगते, खरा घोळ तिथेच आहे.

तेव्हा डोळ्यांत पाणीबिणी येईल अशी वाट बघू नका. मी सुखी बाई आहे. बंगळुरात मल्लेश्वरमला स्वतःचं घर, मागं दोन नारळ, नवरा शांत, मुलं मार्गी लागलेली. मुलींच्या शाळेत इतकी वर्षं शिकवलं, अजून बाजारात कुणी ना कुणी बाई वाकून नमस्कार करते. आडवी झाले की झोप लागते. मग आता हे सांगायचं कशाला? तेही मला नीट माहीत नाही. पण सुरुवात केली आहे तर होऊ दे.

होसकोट्याच्या पलीकडे, तळ्याच्या बांधाखाली, चिंचेच्या झाडांत आमच्या आज्जांचं ठाणं आहे. आज्जा म्हणजे आमचा मूळपुरुष. मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आला आणि परत जायचं विसरला, असं दोड्डप्पा सांगायचे. दोड्डप्पा म्हणजे माझे थोरले काका. पिढ्यान् पिढ्या बंगळुरात मुरलेली आमची घरं — काकाला दोड्डप्पा, बापाला अण्णा, भाजीवाल्याशी भांडण कानडीत, आणि देवाशी बोलणं तेवढं मराठीत. ठाणं म्हणजे मोठं देऊळ नव्हे हं. कमरेत वाकून आत शिरायचं अशी दगडी खोली, आत घोडेस्वार कोरलेली एक उभी शिळा. बस्स.

रागी, म्हणजे नाचणी, कापून घरात आली की वर्षातून एकदा सगळे भाऊबंद तिथं जमायचे. प्रत्येक घरातून देव्हाऱ्यातले टाक यायचे — घरातल्या गेलेल्या माणसांच्या, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेल्या अंगठ्याएवढ्या आकृत्या. फडक्यात बांधून, मांडीवर धरून, बसनं. एकदा कंडक्टरनं विचारलं, गाठोड्यात काय आहे? दोड्डप्पा म्हणाले, "आमची माणसं आहेत. त्यांचं तिकीट लागतं का?" सगळी बस हसली. ठाण्यावर त्या टाकांना न्हाऊ घालायचं आणि परातीत आज्जांसमोर मांडायचं. म्हणजे वर्षातून एक दिवस आमची सगळी मेलेली माणसं एकमेकांना भेटायची. त्यात माझी आईही असायची. मी शाळेत असतानाच गेली होती ती.

आणि दिवा. तो लेकीनंच लावायचा. आज्जा गेले तेव्हा मुलगे लढाईवर होते, पहिला दिवा लेकीनं लावला, म्हणून. मुलगा नाही, सून नाही, कुळातली लेक. त्यासाठी दर पिढीत एक लेक त्या गावातच द्यायची पद्धत. दिव्याची लेक म्हणायचे तिला. मान असा की जत्रेला थोरले भाऊसुद्धा तिच्या पाया पडायचे आणि नैवेद्याचं पहिलं पान तिचं. पण संध्याकाळचा दिवा चुकवायचा नाही, त्यामुळे गाव सुटायचं नाही. माहेरी आली तरी जेवून लगेच परतीची बस. आमच्या वेळी तिथं सुबक्का होती, अण्णांची आत्या. म्हातारी झाली होती आणि मोतीबिंदूनं डोळे गेल्यात जमा होते. वात ज्योतीला लावायच्या ऐवजी बोटाला लावून घ्यायची. पुढची लेक बघायला हवी होती.

घरात लग्नाच्या वयाच्या लेकी दोनच. दोड्डप्पांची काशी आणि अण्णांची मी.

काशी माझ्याहून थोडी मोठी, म्हणून काशक्का. एका घरात वाढलो, एका अंथरुणात झोपलो, एकीनं दुसरीच्या वेण्या घातल्या. डोक्यानं मात्र ती कुठं आणि मी कुठं! गणितात अशी, की मास्तर फळ्यावर अडले की नकळत तिच्या बाकाकडे बघायचे. मी आपली काठावर पास. तिला कॉलेजात जायचं होतं. मला काय हवं होतं? खरं सांगू? नळ. विजेचा दिवा. खिडकीत बसलं की समोरून चार माणसं जाताना दिसावीत. आणि ती काळोखी खोली, ती वटवाघळांची घाण — मला त्याची लहानपणापासून भीती. हसू नका. माझी सगळी महत्त्वाकांक्षा एवढीच होती.

आता दोघींतली कोण, हे दोघा भावांनी ठरवलं असतं तर घर फुटलं असतं. अशा वेळी आमच्याकडे आज्जांना विचारायचं, म्हणजे कौल लावायचा. पांढऱ्या कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून शिळेवर चिकटवायच्या, एक घोड्याच्या उजवीकडे, एक डावीकडे. वाऱ्यानं पाणी सुकतं, पाकळी सुटते. आधी पडेल ती बाजू आज्जांची. उजवी काशक्काची, डावी माझी, असं दोड्डप्पांनी सगळ्यांदेखत बोलून टाकलं. आम्हाला कुणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती.

पाकळ्या लावायचा मान दिव्याच्या लेकीचा. पण सुबक्काला उजवं-डावं कुठलं दिसायला? ती म्हणाली, "इंदे, ये पुढं. तू लाव गं, तुझा हात हलका आहे." मी कचरले. माझाच प्रश्न आणि माझाच हात? तसं मी बोललेही. सुबक्का हसली — म्हणे आज्जांपुढं कोण लबाडी करणार आहे?

बरोबर आहे. कोण करणार? आमच्या कुळात चुलीवरून भांडणं झाली, बांधावरून झाली, एकमेकांची तोंडं बघणं बंद झालं, पण कौलाला कुणी हात लावल्याचं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं. म्हणून तर कुणी बघत नव्हतं.

सकाळपासून मी नैवेद्याच्या हुग्गीसाठी गूळ फोडत होते. हुग्गी म्हणजे आमची गव्हाची खीर, गूळ सढळ हातानं पडतो तिच्यात. बोटं चिकट. ती धुवायला मी पाण्याच्या घागरीपाशी गेले, आणि — हे बघा, आता इथं मी म्हणू शकते की धुवायचं राहून गेलं. इतकी वर्षं मनात मी तसंच म्हणत आले. राहून गेलं नाही. घागरीत हात घालता घालता मी थांबले. उजवा हात धुतला. डावा पदरात धरला. नखांत गुळाचा खडा होता, तो अंगठ्यानं चोळून मऊ केला. मग आत गेले, वाकून.

उजवी पाकळी स्वच्छ पाण्यानं लावली. डावी गुळाच्या बोटानं, दाबून. शेजारी परातीत आई होती, बाकीच्या बायकांच्या रांगेत, हळदकुंकू लावलेली. मी तिकडे बघितलं नाही.

सगळे बाहेर ओट्यावर बसले. कुणीतरी भजन म्हणायला लागलं, ते सुरात येईपर्यंत उजवी पाकळी गळून पडली. काशक्काची. माझी पडलीच नाही. हुग्गी झाली, पंगत उठली, तरी चिकटलेलीच! तिच्यावर मुंग्या चढल्या. तुम्हाला वाटेल आता पकडली गेली — छे हो. दोड्डप्पांनी हात जोडले. "बघा," म्हणाले, "मुंग्यासुद्धा आज्जांच्या दर्शनाला येतात." अय्यो! मला एकीकडे भीती वाटत होती आणि एकीकडे हसू फुटत होतं. दोन्ही खरं.

काशक्का चिंचेमागं गेली. बराच वेळ आली नाही. आली ती तोंड धुऊन. माझा हात धरला — डावाच — आणि म्हणाली, "आज्जांनी मला बोलावलं गं, इंदू. म्हणजे माझ्यात काहीतरी असेल, नाही?"

मी मान डोलावली.

तिचं लग्न त्याच उन्हाळ्यात त्या गावात झालं. भावोजी माणूस भला, तुतीचा मळा होता, घरात रेशमाचे किडे. काशक्कानं कॉलेजचं नाव पुन्हा काढलं नाही. मला मात्र अण्णांनी, आता ही शहरातच राहणार आहे तर शिकू दे, म्हणून शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घातलं. मला, काठावर पास होणारीला! पुढं सोलापूरकडच्या, इथल्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलेल्या मुलाशी लग्न झालं. मल्लेश्वरमला भाड्याचं घर मिळालं. नळ होता. खिडकी रस्त्यावर होती.

आणि ती काय रडत बसली होती का? मुळीच नाही. तिला पाहायला हवं होतं तुम्ही. जत्रेच्या दिवशी हिरवं लुगडं नेसून ओट्यावर उभी राहायची, सत्तरीचे म्हातारे तिच्या पाया पडायचे, आणि ती डोक्यावर हात ठेवायची अशी, जणू जन्मभर तेच करत आली आहे. गावातल्या बायका भांडणं घेऊन तिच्याकडे यायच्या. आलेल्या-गेलेल्याला ती माझ्यादेखत सांगायची — आम्ही दोघी होतो, आज्जांनी मला निवडलं, हिची पाकळी दगड सोडीना, विचारा हिला! मग सगळ्या माझ्याकडे वळायच्या. मी म्हणायची, हो ना.

आता कळलं ना, मी का बोलले नाही? बोलले असते तर तिच्या हातातलं तेवढंही गेलं असतं. ज्याच्यावर ती उभी होती ते माझं गुळाचं बोट होतं. कसं काढून घ्यायचं? हे कारण फार चांगलं आहे. ऐकणाऱ्याला पटतं, मलाही पटतं. यावर मी पुष्कळ वर्षं निभावून नेलं आहे.

तुम्हालाही वाटलं असेल, झालं सांगून हिचं. पोरसवदा वय, घाबरली बिचारी, केली चूक. इथवरचं मी एखादे वेळी ह्यांनाही सांगितलं असतं. ते म्हणाले असते, जाऊ दे गं, लहान होतीस.

पण ते नाहीच आहे जे मला सांगायचं आहे.

एकोणीसशे पासष्टच्या आसपासची गोष्ट. माझा धाकटा नुकता चालायला लागला होता. एका दुपारी काशक्का आमच्या दारात उभी, पिशवीत तुतीची फळं, चेहरा फुललेला. बसली नाही, पाणी प्यायली नाही, उभ्या उभ्या सांगायला लागली. विहीर आटली होती, मळा गेल्यासारखाच होता. पण भावोजींना शहरातल्या एका कारखान्यात फिटरचं काम मिळत होतं. आणि शांता — तिची मुलगी — आईसारखीच निघाली होती, आकडे म्हणजे तिचा खेळ. गावात चौथीपुढं शाळा नव्हती. "इथं तुझ्या शाळेत घालू तिला," म्हणाली. आमच्या मागच्या रस्त्याला एक घर रिकामं होतं, ते ती येतानाच बघून आली होती! मग एकदम थांबली. आज्जांना विचारायला हवं, म्हणाली. सोडतील गं या वेळी, इतकी वर्षं दिवा चुकवला नाही मी.

आणि ती सुटली तर दिवा कुणी लावायचा? तिनं त्याचाही विचार केला होता. लेक म्हणून तूच राहतेस, म्हणाली, पण तुला कुणी तिथं येऊन राहा म्हणणार नाही, काळ बदलला आहे, अमावास्येला दोघी मिळून बसनं जाऊ, रोजचं कुणाला तरी सांगू, माझे वडील आता पूर्वीसारखे कडक नाहीत. म्हणजे बघा, माझ्या डोक्यावर काही येऊन पडणार होतं असंही नाही. तिनं माझी वाट आधीच मोकळी करून ठेवली होती. फक्त एवढंच म्हणाली, "माझा प्रश्न आहे, माझा हात चालत नाही. पाकळ्या तूच लाव. तुझ्या हाताला यश आहे."

मी म्हटलं, सरी — म्हणजे बरं — येते.

उजवी पडली तर जा, डावी पडली तर राहा, असं ठरलं.

जायच्या दिवशी सकाळी मी डब्यातून गुळाचा खडा काढला आणि रुमालाच्या टोकाला बांधला. या वेळी कुणी गूळ फोडायला बसवलं नव्हतं मला. बोटं चिकट नव्हती. मी तो मल्लेश्वरमहून नेला. बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली होती, टाकून द्यायला होसकोट्यापर्यंत रस्ताभर खिडकी उघडी होती. मनात काय चाललं होतं? काही नाही हो. घरी पोचायला उशीर झाला तर इडलीचे उडीद कोण भिजत घालेल, हे चाललं होतं.

का केलं? काळोखाची भीती आता उरली नव्हती. वयही लहान नव्हतं, दोन मुलांची आई होते, वर्गातल्या मुलींना खोटं बोलू नका म्हणून शिकवत होते. मला ती शेजारी नको होती, एवढंच. रोज सकाळी कुंपणावरून "इंदू" म्हणून हाक यावी, तिनं माझ्या शाळेत यावं, हेडबाईंशी बोलावं, आणि कुणाच्याही लक्षात यावं की या दोघींतली शिकायला हवी होती ती कोण — नको होतं मला ते. माझं सगळं बेताचं, छान बसलं होतं. हलवायचं नव्हतं.

शिळेपुढं आम्ही तिघीच होतो — ती, मी आणि शांता. डावी पाकळी मी पाण्यानं लावली. उजवी गुळानं. चांगली दाबून.

शांता चौथीनंतर घरी राहिली. पुढं जवळच्याच गावात दिली तिला. सुखात आहे म्हणतात. भावोजींनी त्या कारखान्याला नकार कळवला आणि दुसऱ्यांच्या मळ्यात कामाला जाऊ लागले. काशक्का अजून तिथंच आहे. गुडघे धरलेत, पण वाकून आत जाते आणि दिवा लावते. माझ्यावर तिचा फार जीव. जत्रेला गेले की पहिलं पान स्वतः न घेता मला देते. आणि मी — खाई त्याला खवखवे म्हणतात. मला नाही खवखवलं. आधी वाटायचं, आज ना उद्या खवखवेल. मग वाट बघायचंही सोडून दिलं.

त्या दिवसाचं मात्र अजून थोडं राहिलंय. डावी पाकळी पडली. काशक्कानं ती उचलली, तळहातावर ठेवून बघत राहिली. शांतानं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, काशक्का आता रडेल. ती हसली. "अजून मीच हवी आहे गं म्हाताऱ्याला," म्हणाली, पाकळी केसांत खोवली आणि उठली. मला परत जायची घाई, उपाशी कशी सोडेल? चूल पेटवली. डोळे मधूनच पुसत होती. गरम भात आणि कुळथाचं सार, वर लसणाची फोडणी. ती समोर बसून वाढत होती. सार फार छान झालं होतं. मी भात मागून घेतला.